बंद पडून राहिली

नवी मोटारसायकल घेतली तेव्हा शोरूमवाल्यांनी किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. गाडीचे कागद माझ्या नावाचे, हेल्मेटसुद्धा माझ्या डोक्याच्या मापाचं. तरी तिथल्या मुलीनं पुठ्ठ्याची ती भलीमोठी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही जरा साइडला उभ्या राहा, फोटो छान येतो." मी ती किल्ली काढून घेतली आणि नवऱ्याला साइडला उभं केलं. त्या फोटोत ते असे दिसतात की जणू गाडी चोरीला गेल्याची तक्रार द्यायला आलेत.

मग हार, नारळ, चाकाखाली लिंबू अशी तयारी घेऊन एक जण आला. आम्ही बौद्ध, आमच्या घरी यातलं काही करत नाहीत. मी म्हटलं, "नारळ राहू द्या, पेढे आणलेत ते वाटा." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी ब्रेक न बसवताच गाडी मागितली. पेढे मात्र त्यानंच दोन घेतले.

मी आरोग्यसेविका आहे. लोह्याला राहते. तिथून वीसेक किलोमीटरवर माझं उपकेंद्र आहे आणि त्याच्याखाली पाच गावं नि दोन तांडे येतात. गरोदर बायका, लेकरांच्या लसी, बीपीच्या गोळ्या, सगळं त्यात आलं. इतकी वर्षं मी जीपनं, एसटीनं, कधी नवऱ्याच्या मागं बसून जायचे. मधे स्कूटी घेतली होती, पण तिची बारकी चाकं आमच्या काळ्या मातीत रुतून बसायची. मोटारसायकल मला सतरा वर्षांची असल्यापासून येते. माहेर किनवटकडचं, तिथं भावाच्या गाडीवर शिकले होते. लग्नानंतर ते कुणाला सांगायची वेळच आली नाही. म्हणून ही गाडी घेतली तेव्हा मला नोकरी लागली त्या दिवसापेक्षा जास्त आनंद झाला होता, हे खरं तेच सांगते.

तीन आठवडे गाडी पाण्यासारखी पळाली. मार्चच्या मध्यात, उपकेंद्र ओलांडून पलीकडच्या तांड्याकडं निघाले आणि गाडी एकदम बंद पडली. झटका नाही, कुरकुर नाही, काही नाही. मूठ कितीही पिळली तरी गाडीत जीव नाही. मी बटण दाबलं, किक मारली, काटा पाहिला, पेट्रोल अर्ध्यावर होतं. दहा-पंधरा मिनिटं बाभळीखाली उभी राहिले. पुन्हा बटण दाबलं तर पहिल्या दणक्यात सुरू. मी गाडीला दोन शिव्या हासडल्या आणि पुढं गेले.

दोन दिवसांनी परत तसंच. मग दर दोन-तीन दिवसांनी. लांबच्या तांड्याच्या वाटेवर नाहीतर घरी परत येताना हायवेवर. हायवेवर बंद पडणं सगळ्यात वाईट. नांदेड-लातूर रस्त्यावर मागून ट्रक किती वेगात येतात ते रोज जाणाऱ्याला विचारा. चालती गाडी अचानक मरते आणि मागून हॉर्न येतो, तेव्हा कडेला होईपर्यंत माणूस श्वास घेत नाही.

गाडी नांदेडला, जिथून घेतली तिथंच नेली. वर्कशॉपमधल्या सल्लागारानं, म्हणजे जो टेबलाशी बसून तक्रार कार्डावर लिहून घेतो त्यानं, विचारलं, "काय तकलीफ हाय?" मी सांगितलं. गाडी दुपारपर्यंत रांगेत उभी राहिली. मग मेकॅनिकनं तिच्यावर बसून आवारातून दोन चकरा मारल्या, गेटबाहेर जाऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, गाडी एकदम ओके हाय." प्लग बदलला, धुऊन दिली. कार्डावर लिहिलं, दोष आढळला नाही.

दुसऱ्यांदा नेली तेव्हा त्यांनी इंजिनात पेट्रोल नि हवा जाते तो भाग काढून साफ केला. तिसऱ्यांदा लॅपटॉप जोडला. लॅपटॉपसुद्धा म्हणाला, ओके हाय. आता उभ्या राहून थंड झालेल्या गाडीत काय सापडणार होतं, हे आज मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं. त्यांना कळायला हवं होतं, पण त्यांनी गाडीकडं पाहायचं सोडून माझ्या डाव्या हाताकडं पाहायला सुरुवात केली.

"मॅडम, तुम्ही हाफ क्लच लई मारता का?" सल्लागारानं विचारलं.

"न्हाई."

"न्हाई, लेडीज लोकांना सवय नसती ना. क्लच अर्धा दाबून ठेवला की गाडी बंद पडती."

"भाऊ, मी पन्नासच्या स्पीडला टॉप गिअरमधे असते. तिथं क्लच कशाला दाबू?"

तो हसला. वाईट हसला नाही, समजूत घातल्यासारखं हसला आणि त्याचाच मला जास्त राग आला. मेकॅनिकनं मागून आवाज दिला, "मॅडम, तुम्हीच ना नारळ न्हाई फोडला त्या?" सगळे हसले. मी म्हटलं, "नारळात जर पाना-पक्कड निघत असंल तर आत्ता फोडते." त्यावरही हसले, पण कार्डावर पुन्हा तेच लिहिलं, दोष आढळला नाही.

घरी वेगळीच तऱ्हा. माझा नवरा लोह्याच्याच हायस्कूलमधे मराठी शिकवतो. संध्याकाळी बाजारात, कधी शाळेत, कधी मित्राकडं, असं गावातल्या गावात ते माझी गाडी घेऊन जायचे. त्यांच्या हातात ती एकदाही बंद पडली नाही. "माझ्या हातात तर बरी चालते," ते म्हणायचे. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटायचं आणि पुरावा त्यांच्या बाजूनं होता. शेजारणीनंही ऐकलं. "सर चालवतेत तर काहीच न्हाई होत, अन तुम्ही बसलात की रुसती," ती म्हणाली. दोन-तीन किलोमीटर चालणारी गाडी कधी तापतच नाही, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

हळूहळू मी स्वतःच्या हातावर पाळत ठेवायला लागले. गाडी चालवताना डाव्या हाताची बोटं मोकळी ठेवायची, क्लचला चुकून लागली तर नाही ना हे पाहायचं. गिअर टाकताना मनात मोजायचं. ज्या गोष्टी सतराव्या वर्षापासून अंग आपोआप करत होतं त्या मी विचार करून करायला लागले आणि मग खरंच चुकायला लागल्या. एकदा उपकेंद्रासमोरच, आशाताई बघत असताना, माझ्याकडून क्लच लवकर सुटला नि गाडी आचका देऊन बंद पडली. ती चूक माझीच होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरी बोच होती ती तांड्याची. महिन्यातून एक ठरलेला दिवस तिथं लसीकरणाचा असतो. मे महिन्यात त्या दिवशी लशीचा डबा मागं बांधून निघाले आणि गाडी नाल्याच्या अलीकडं मेली. पंधरा मिनिटांनी सुरू झाली, दोन किलोमीटरवर परत मेली. उन्हानं जीव कासावीस झाला होता. डब्यातला बर्फ टिकतो, त्याची काळजी नव्हती, पण माणसं टिकत नाहीत. मी एक वाजता पोचले तेव्हा सगळ्या बाया परत कामाला गेल्या होत्या. समाजमंदिराच्या ओट्यावर एक म्हातारी नातवाला घेऊन बसली होती तेवढीच. ती म्हणाली, "सिस्टर, बाया लई येळ बसल्या. एकीनं तर दोन लेकरं चालवत आणली होती. म्हनल्या, आता सिस्टरचं काई खरं न्हाई."

त्या तांड्यावर लोकांनी लसी घ्याव्यात म्हणून मी चार वर्षं दारोदार फिरले होते. 'सिस्टर येते म्हटली की येते' एवढ्या एका गोष्टीवर ते सगळं उभं होतं. ते एका दुपारी गेलं असं नाही, पण जायला लागलं होतं. मी आणखी दोनदा उशिरा पोचले असते तर त्या बाया ओट्यावर आल्याच नसत्या आणि त्यांना बोलायला मला तोंड उरलं नसतं.

त्याच आठवड्यात मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडं एक मुलगी होती, पुण्याकडची असावी. बोलणं गोड, प्रत्येक वाक्याला 'मॅम'.

"आपल्या वाहनाची नेमकी काय समस्या आहे, मॅम?"

"नवी गाडी हाय. बंद पडून राहिली."

"ओके मॅम. कधीपासून बंद पडून राहिली आहे?"

"घेतल्यापासून म्हणा. तीन महिने होतील आता."

"म्हणजे तीन महिन्यांपासून गाडी बंद पडून राहिली आहे, बरोबर मॅम?"

"हाव. बराबर."

मला इतकं हायसं वाटलं. पहिल्यांदाच कोणीतरी माझंच वाक्य मला जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं होतं. तिनं तक्रार नोंदवली, नांदेडला गाडी न्या म्हणाली आणि दिवस चांगला जावो म्हणून फोन ठेवला.

चौथ्यांदा नांदेडला गेले. गाडी दोन दिवस ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी मी एसटीनं न्यायला गेले तर या खेपेला खुद्द वर्कशॉपचा मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. टाकीतलं सगळं पेट्रोल काढून नवं टाकलंय, बॅटरी पूर्ण चार्ज केलीय, असं त्यानं सांगितलं. मग आवाज खाली आणून, घरच्यासारखा म्हणाला, "मॅडम, एक सांगू का? गाडी वापरत चला. नवी गाडी अशी उभी करून ठेवली की ती तकलीफ देणारच. भीती वाटत असंल तर घरच्यांना चालवू द्या, पण वापरात ठेवा."

मला वाटलं, हा माझी चेष्टा करतोय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे, बैठकीत साहेबांनाही मी सोडत नाही. पण त्या माणसापुढं मी एक शब्द बोलले नाही. किल्ली घेतली, सही केली आणि निघाले. गाडी लोह्याच्या अलीकडं, बरोबर हायवेवर, बंद पडली. मी कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि रडले. राग होता, पण नुसता राग नव्हता. मला वाटून गेलं की इतकी सगळी माणसं एकच गोष्ट सांगतायत, तर चुकत मीच असेन.

दुसऱ्या दिवशी मी तालुका आरोग्य कार्यालयात अर्ज दिला की मला फिरतीच्या कामावरून काढून कार्यालयात माहिती भरण्याच्या कामावर घ्यावं. कारण म्हणून त्या वेळी जे मनात आलं ते लिहिलं. वरिष्ठ लिपिकांनी शिक्का मारला, नंबर टाकला आणि म्हणाले, "मॅडम, बरं केलं. या वयात उन्हातान्हाचं कशाला हिंडायचं?" मी बेचाळीस वर्षांची आहे.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "मग गाडी देऊन टाकू. लातूरला मोठं शोरूम आहे, तिथं बदलून स्कूटी मिळते. गावातल्या गावात तुला तेवढी बास." मी बरं म्हटलं. मला त्या गाडीकडं पाहावतही नव्हतं.

रविवारी लातूरला निघालो. गाडी त्यांनी चालवायला घेतली, मी मागं बसले. अहमदपूर यायच्या आधीच गाडी बंद पडली. त्यांच्या हातात! मी मागून उतरले. त्यांनी बटण दाबलं, किक मारली, खाली उतरून टाकीशी कान नेला. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "पेट्रोलमधे कचरा असणार."

मी म्हटलं, "असंल. तुमच्या हातात कचरा असतो, माझ्या हातात हाफ क्लच."

पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली. चाकूरच्या पुढं परत बंद पडली. रस्त्याच्या कडेला उभं राहून ते घाम पुसत होते आणि मी त्यांच्याकडं पाहत होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या मनात आलं की आपल्याला वेड लागलेलं नाही.

लातूरच्या शोरूममधे जुन्या गाड्या तपासून घ्यायला एक वयस्क मेकॅनिक होता. पांढरी दाढी, हातात ऑइलचं फडकं. त्यानं गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "नवी कोरी गाडी हाय. कामून द्यायलात?"

मी सांगितलं. त्याच दिवशी कंपनीचा एक इंजिनिअर तिथं आलेला होता. तो महिन्यातून एकदा येतो म्हणे. सांगलीकडचा तरुण पोरगा, इस्त्रीचा शर्ट. मेकॅनिकनं त्याला बोलावलं. त्यानं गाडीचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला, वाचलं आणि मला विचारलं, "मॅडम, गाडी तीन महिने का वापरली नाही?"

"कोण म्हणलं असं?"

"तुम्हीच. हेल्पलाइनला फोन केला होता ना?" त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. तिथं इंग्रजीत दोन ओळी होत्या. त्यानंच मराठीत वाचून दाखवल्या. वाहन तीन महिन्यांपासून वापराविना बंद पडून आहे. ग्राहकाने दुजोरा दिला.

मी म्हटलं, "मी असं न्हाई म्हणले. मी म्हणले, बंद पडून राहिली."

"तेच लिहिलंय, मॅडम."

"ते न्हाई हो! बंद पडून राहिली म्हणजे... बंद पडून राहिली!"

मला दुसरा शब्दच सुचेना. जन्मापासून मी तसंच बोलते. मी जेवून राहिले, पाऊस पडून राहिला, लेकरू रडून राहिलं. यात न समजण्यासारखं काय आहे ते मला कळेना आणि त्याला माझं म्हणणं कळेना. नवरा वर्गात मुलांचं मराठी दुरुस्त करतो, तो माझ्या शेजारी उभा होता. त्यांना कळलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ते खाली पाहत होते.

शेवटी तो मेकॅनिक हसायला लागला. "साहेब, बाई किनवटकडच्या दिसतेत. तिकडं तसंच बोलतेत. बंद पडून राहिली म्हणजे सारखी बंद पडती. आमच्याकडं म्हणतेत बंद पडायलीय. तुमच्याकडं काय म्हणतात?"

"बंद पडतेय," इंजिनिअर म्हणाला.

"हां. तेच ते."

इंजिनिअर उठला, गाडीपाशी गेला आणि मीटर पाहिला. साडेचार हजार किलोमीटर. तीन महिने उभी असलेली गाडी साडेचार हजार किलोमीटर कशी चालली, हा प्रश्न नांदेडमधे कोणालाच पडला नव्हता. त्यांच्या कार्डावर मीटरचा आकडा होता आणि त्याच्याच खाली 'वापर नाही' असं लिहिलं होतं. मॅनेजर माझी चेष्टा करत नव्हता. त्यानं कागद वाचला होता आणि कागदावर विश्वास ठेवला होता. समोर उभ्या असलेल्या बाईला मात्र एक प्रश्न विचारावा असं त्याला वाटलं नाही.

इंजिनिअरनं विचारलं, "गाडी किती चालल्यावर बंद पडते?"

"वीस-पंचवीस किलोमीटर."

"आचके देते की एकदम?"

"एकदम."

"किती वेळानं सुरू होते?"

"दहा-पंधरा मिनिटांनी."

"सकाळी थंड असताना कधी पडली?"

"एकदाही न्हाई."

त्यानं मेकॅनिककडं पाहिलं, मेकॅनिकनं मान हलवली. चार प्रश्न. त्या चार प्रश्नांसाठी मी चारदा नांदेडला जाऊन आले होते.

"पण डोळ्यानं बघायला पाहिजे," मेकॅनिक म्हणाला. "चला सिस्टर. तुम्ही चालवा, मी मागं बसतो."

औशाच्या रस्त्यानं निघालो. भर दुपार, डांबर चमकत होतं. मागं तो वडीलधारा माणूस, खिशात प्लगपाना घालून बसलेला. दहा किलोमीटर गेले, पंधरा गेले, गाडी सुरळीत. माझ्या मनात धाकधूक सुरू झाली, की आज नेमकी ही बंद पडली नाही तर? मला गाडी बंद पडायला हवी होती. मी तिला मनातून विनवत होते, पड बाई, आज तरी पड. वीस किलोमीटरच्या पुढं, एका रसवंतीसमोर, मुठीतला जीव गेला.

"पडली!" मी ओरडले. "पडली हो, पडली!"

रसवंतीवाला आमच्याकडं बघायला लागला. मेकॅनिकनं उतरून प्लग काढला, तो इंजिनाला टेकवला आणि मला किक मारायला सांगितली. ठिणगी उडाली नाही. त्यानं परत मारायला लावली. नाही उडाली. मग तो उभा राहिला आणि हात पुसत म्हणाला, "करंटच न्हाई. आतली कॉइल हाय, ती इंजिनाला सांगती कधी ठिणगी टाकायची. गरम झाली की मरती, थंड झाली की जिती होती. आता लॅपटॉपला कशी घावंल?" आणि मग, मी काही विचारलेलं नसताना, "तुमच्या हातात काई दोष न्हाई, सिस्टर. चांगली चालवता."

मी हेल्मेट काढलंच नाही, डोळे दिसले असते. त्यानं ते ओळखलं असावं, कारण तो रसवंतीवर गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा दोन ग्लास घेऊन आला.

कॉइल त्यांच्याकडं शिल्लक नव्हती. इंजिनिअरनं शोरूममधल्या एका नव्या गाडीची काढून माझ्या गाडीला बसवायला लावली. तासाभराचं काम. जुनी कॉइल तळहातावर मावेल एवढी, काळी, वरून अगदी धडधाकट दिसणारी. स्कूटीचं नाव कोणी काढलं नाही.

परत येताना गाडी मी चालवली. नवरा मागं बसला. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, जिथं सकाळी बंद पडली होती ती जागा गेली. प्रत्येक किलोमीटरला मी कान देऊन होते आणि गाडी धावत होती. लोहा जवळ आल्यावर ते मागून म्हणाले, "मला काय माहीत होतं? माझ्या हातात तर बरी चालायची."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत नव्हतं, ते जाऊ द्या. पण तिथं त्या पोराला माझं बोलणं कळेना, तेव्हा तुम्हाला कळलं होतं. मग गप्प कामून बसलात?"

लोह्यात शिरता शिरता ते म्हणाले, "लाज वाटली." कशाची, माझ्या बोलण्याची की त्यांच्या गप्प बसण्याची, ते मी विचारलं नाही.

सोमवारी कार्यालय उघडायच्या आधीच मी दारात उभी होते. लिपिकांना म्हटलं, माझा अर्ज परत द्या, गाडी दुरुस्त झाली, मला फिरतीचंच काम पाहिजे. ते म्हणाले, "साहेबांची सही व्हायचीय अजून. पण आवक नंबर पडलाय, मॅडम. आता तो कागद कार्यालयाचा. परत कसा देऊ? तुम्ही दुसरा अर्ज द्या, की आधीच्या अर्जातलं कारण चुकीचं होतं म्हणून." आणि तारीख, नंबर उतरवून घ्यायला त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढं सरकवली.

मी तो अर्ज लिहिला होता तेव्हा वाचला नव्हता. आता वाचला. 'विषय' खाली पट्टीनं रेघ मारलेली. मग कारण. 'मला दुचाकी नीट चालवता येत नाही. त्यामुळे लसीकरणाच्या कामात अडथळा निर्माण होत आहे.' खाली माझी सही.

लिपिकांनी विचारलं, "हे कारण कोणी लिहायला सांगितलं होतं का, मॅडम? तसं असंल तर तसं लिहा."

"कोणी न्हाई," मी म्हटलं.

दुसरा अर्ज दिला. साहेबांनी तो मान्य केला आणि माझी गावं माझ्याकडंच राहिली. पण पहिला कागद त्या फायलीतच आहे आणि मी निवृत्त होईपर्यंत राहील. नांदेडच्या कार्डावर जे लिहिलं गेलं ते माझं बोलणं न कळल्यामुळं. या कागदात न कळण्यासारखं काही नव्हतं. तो मी सरळ, शुद्ध मराठीत लिहिला होता आणि त्यातला शब्द न् शब्द खोटा होता.